अनुभव धागा : न्यू ऑर्लिन्स – तीन पिढ्या, कॉकटेलचा इतिहास आणि खाणं

आजी-आजोबा, मुलं आणि त्यांचे आईबाप असा बारा-चौदा जणांचा ग्रुप घेऊन फ्रेंच क्वार्टर (अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा जुना भाग) कसं करावं, हे ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. प्रवासवर्णन नको, कामाचं लिहा.

गोटीसोडा
सुरुवात साझरॅक या व्हिस्कीच्या पेयापासून. 2008 पासून ते शहराचं अधिकृत कॉकटेल आहे. गाइड हमखास सांगतो की रॉयल स्ट्रीटवरच्या पेशो या औषधविक्याने अंड्याच्या कपातून (फ्रेंचमध्ये ‘कोकतिए’) पेय दिलं आणि त्यावरून ‘कॉकटेल’ शब्द आला. ऐकून सोडून द्या. शब्दाची व्याख्या 1806 मध्ये न्यूयॉर्क राज्यात छापली गेली, तेव्हा पेशो तीन वर्षांचा होता. त्याचे लाल, बडीशेपेकडे झुकणारे बिटर्स (थेंबांनी घालायचा कडू अर्क) मात्र खरेच महत्त्वाचे.

कृती : एक छोटा पेला बर्फ घालून गार करायला ठेवा. दुसऱ्यात साखरेचा एक क्यूब, पेशो बिटर्सचे 3 झटके आणि चमचाभर पाणी. साखर पूर्ण विरघळेपर्यंत चेचा. व्हिस्की आधी ओतली तर साखर तळाशीच बसते, कारण ती मद्यात नीट विरघळत नाही. मग 60 मिली राय (राय नावाच्या धान्याची) व्हिस्की आणि बर्फ, अर्धा मिनिट ढवळा. पहिल्या पेल्यातला बर्फ फेका, चमचाभर अ‍ॅब्सिंथ (बडीशेपेच्या चवीचं कडक मद्य) किंवा त्याऐवजी चालणारं हर्बसेंट आत फिरवा आणि ओतून टाका. तिथेच राहिलं तर बाकी कशाचीच चव लागत नाही. गाळून ओता, वर लिंबाची साल पिळा. प्यायच्या पेल्यात बर्फ नाही.

आधी यात फ्रेंच कोन्याक असे. फायलोक्सेरा या किडीने तिकडचे द्राक्षमळे मेले आणि राय आली. अ‍ॅब्सिंथवर अमेरिकेत 1912 ते 2007 बंदी होती, म्हणून हर्बसेंट.

पायपीट
वय 21 पूर्ण नसेल तर बारमध्ये विसरा. मुलं बरोबर असतील तर जेवायचं रेस्टॉरंट निवडा आणि कॉकटेल टेबलावरच मागवा. माँटेलिओन हॉटेलचा फिरता कॅरोसेल बार (1949 पासून, 25 खुर्च्या, साधारण 15 मिनिटांत एक फेरी) दोघादोघांनी पाळीपाळीने करावा. व्ह्यू कारे हे कॉकटेल तिथलंच. भारतातून आलेल्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा, केस पांढरे असले तरी विचारतात. रस्त्यावर पेय न्यायचं तर प्लास्टिकच्या पेल्यात, काच चालत नाही.

हरिकेन हे रमचं कॉकटेल कंदिलाच्या काचेच्या आकाराच्या पेल्यात येतं आणि सरबतासारखं लागतं. मूळ कृतीत जवळपास 120 मिली रम आहे. एक घ्या, चौघांत वाटा. मे ते सप्टेंबर उकाडा असा की पाणी आधी, पेय नंतर.

हिंगजिरे
खाण्याचं सांगते. गंबो हा इथला दाट रस्सा; शब्दाचा मूळ अर्थ भेंडी, आफ्रिकेतल्या भाषांतून आलेला. रूसाठी (रस्सा दाट करणारा भाजलेला मैदा) तेल-मैदा समसमान, मंद आचेवर 40 मिनिटं सतत हलवायचा, चॉकलेटी होईपर्यंत. काळे ठिपके दिसले की टाकून द्या, कडवटपणा जात नाही. मग कांदा, सेलेरी, ढोबळी मिरची. फिले पूड (ससाफ्रास झाडाच्या वाळल्या पानांची) घालायची तर गॅस बंद केल्यावर. उकळली की रस्सा तारा धरतो.

शाकाहारी ज्येष्ठ नागरिक असतील तर सावध. सोमवारचा राजमा-भात दिसायला घरचा, पण त्यात बहुधा डुकराचं मांस शिजलेलं असतं. गंबोच्या रश्श्यातही मांसाचा स्टॉक. ‘वरून काढून द्या’ म्हणून उपयोग नाही. मफुलेटा या गोल पावाच्या सँडविचमध्ये मांस वगळून चीज आणि ऑलिव्हचं लोणचं मागा. अख्खा गोल पाव दहा इंची, अर्ध्यात दोघांचं भागतं.

बेन्ये (तळलेले चौकोनी गोड पाव) एका प्लेटमध्ये तीन येतात, वर पिठीसाखरेचा डोंगर. खाताना हसू नका, काळे कपडे घालू नका. सोबतच्या कॉफीत चिकोरी असते, दक्षिणी फिल्टर कॉफी पिणाऱ्यांना ओळखीची वाटेल. कच्ची कालवं यकृताचा त्रास, मधुमेह किंवा गरोदरपण असलेल्यांनी टाळावीत. लसूण-लोणी घालून भाजलेली मागा.

रात्रपाळी
वरच्यांना +1. रामोस जिन फिझ हे फेसाळ कॉकटेल राहिलं. 1888 चं. जिन 60 मिली, पिवळ्या आणि हिरव्या लिंबाचा रस प्रत्येकी 15, साखरेचा पाक 30, क्रीम 30, एका अंड्याचं पांढरं, नारिंगीच्या फुलांच्या पाण्याचे 3 थेंब. चौथ्या थेंबाला अत्तर प्यायल्यासारखं होतं. आधी बर्फाविना हलवा, मग बर्फ घालून हात गोठेपर्यंत. पेला मिनिटभर फ्रीझरमध्ये, नंतर सोडा अगदी हळू. घाई केली की फेस बसतो. बार गच्च भरलेला असताना दहा जणांसाठी हे मागवू नका. दुपारी तीनला जा.