माय-आजीनं वाईट दिवस कसे काढले? (अनुभव धागा)

सीनाकाठ
2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा मी गावीच होतो. सोयाबीन गेलं, बांध गेला, भाऊ कुणाशी बोलेना. आई मात्र भिजलेली ज्वारी बाजेवर पसरून फॅन लावून बसलेली. म्हणलं आई, कोंब आलेत तिला, राहू दे. तर म्हणे बहात्तरच्या दुष्काळात असली भेटली असती तरी खाल्ली असती. आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं हे सांगितलं.

आमचं घर पाटलाचं, म्हणजे नावाला. पाऊस आधीपासूनच रुसलेला, 1972 ला तर विहिरीनं तळ दाखवला. बैल विकले. वडील सरकारच्या दुष्काळी कामावर जाईनात. कालपर्यंत जे आपल्याकडं सालानं होते त्यांच्या शेजारी बसून खडी फोडायची कशी? वाईट माणूस नव्हता, नुसता बसून राहिला. आई नवी सून, थोरली बहीण अंगावर पिणारी. तिनं चुलत सासूला गाठलं आणि दोघी जवळचं काम सोडून मुद्दाम लांबच्या पाझर तलावावर जायला लागल्या. पदर नाकापर्यंत. मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या वहीत, नाव माहेरचं. गावात सांगायचं, सून माहेरी गेलीय.

पगार झाला की पैसे सासूच्या हातात. सासू ते वडिलांना द्यायची, वडील बाजाराला जाऊन मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, आणायचे. म्हणजे घरात धान्य आणलं ते वडिलांनी! सगळ्यांना माहीत, बोललं कुणीच नाही. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तिनं कधी काढलं नाही. राग नाही आला का विचारलं तर म्हणे, तेवढी ताकद कुठं होती अंगात.

तुमच्याकडच्या लिहा. मी पंचनाम्याचं बघून येतो.

कण्या_ताक
सुकडी!! तुमच्या आईला विचारा सुकडी आठवती का. कामावर वाटायचे ती गोड भुकटी. आमची माय पदरात बांधून आणायची, स्वतः खाल्ली म्हणायची. खाल्ली बिल्ली काही नव्हती. आम्हाला कळायचं पण आम्ही खायचो, लहान होतो.
मिलोची भाकर लाल व्हायची आणि थापताना फाटायची. अमेरिकेत म्हणे ती जनावराला घालतात.

तेरणाकाठ
आमच्याकडं बहात्तर नाही, त्र्याण्णवचा किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर, पहाटे 3:56. रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. दगड-मातीच्या रुंद भिंती, वरून माळवदाची माती. आत्याचा नवरा आणि मधला मुलगा गेला. ती दाराशी झोपली होती म्हणून वाचली.
लोक तिचं रडणं सांगतात, मला दुसरंच आठवतं. पत्र्याच्या शेडात दीर आला, म्हणे मदतीचा चेक माझ्या खात्यात टाकू, तुला बँकेतलं काय कळतंय. आत्या अंगठेबहाद्दर. तिनं शेडातल्या शाळेच्या बाईंना गाठलं, पाटीवर नाव गिरवलं आणि स्वतःच्या नावानं खातं उघडलं. दिराशी भांडली नाही. दिवाळीला त्याला ओवाळलं पण.
नवीन गावात पक्कं घर भेटलं, तरी ती कित्येक वर्षं अंगणातच झोपायची. पावसात सुद्धा. छताखाली डोळा लागत नाही म्हणायची. सरकारी घराचा उपयोग आम्ही कडबा ठेवायला केला :)

कण्या_ताक
@तेरणाकाठ आमच्या मामाकडं पण तेच, घरात कडबा आणि माणसं बाहेर.

पाचट
सगळं वाचलं. चांगलंय. पण एक बोलू का, राग मानू नका. "कुणी एक शब्द बोललं नाही" हे वाचून मला कौतुक नाही वाटलं, चीड आली. बाईनं खडी फोडायची आणि इज्जत पाटलाची राखायची, हे काय?
मी बीडची, आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. नवराबायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मुकादम नवऱ्याच्या हातात देतो. आई पहाटे तीनला उठून कोपीपुढं, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढं, चूल पेटवायची. भाकरी, पाणी, लेकरं, मग फडात. बाप तोडायचा, आई मोळ्या बांधून डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमधे चढायची. पाळी असो, पोट असो. 2019 ला आमच्या जिल्ह्यातल्या बायांच्या गर्भाच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या पेपरात आल्या, विधिमंडळात गाजल्या, तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. आमच्या गल्लीत नाही वाटलं. खाडा झाला की पैसे कापणार, म्हणून डॉक्टर म्हणेल ते करायचं.
आईनं एकच हट्ट केला आयुष्यात. मला फडावर नेणार नाही. आजीकडं ठेवलं, शाळेत घातलं. बाप म्हणाला आजी म्हातारी, तिला झेपायचं नाही. आई म्हणाली मग मी पण येत नाही, आणा दुसरी जोडीदारीण. त्या वर्षी बाप गप्प बसला. ही ताकद मला कळते. सोसण्याची नाही कळत.

सीनाकाठ
@पाचट राग नाही. खरंय. आईला वाचून दाखवलं. म्हणाली पोरगी शहाणी आहे, कुणाची हाय?

पाचट
सांगा, राबणाऱ्याच घरची :)

परभणीकर_जुना
माझी आजी रझाकाराच्या काळातली. आजोबा निजामाविरुद्धच्या चळवळीत, म्हणजे घरी नाहीतच. नांदेड भागातली पुष्कळ माणसं निजामाची हद्द ओलांडून उमरखेडकडं निघून गेली होती, तिकडं कँप होता. आजी गेली नाही. म्हैस व्यालेली होती. हे कारण! आम्ही हसायचो. आता वाटतं, ते खरं कारण नसावं. आजोबा रात्री-अपरात्री आले तर घरात कुणीतरी दिवा लावायला पाहिजे, हे ती कसं बोलणार. दागिने गोवऱ्यांच्या उडव्यात, म्हणजे रचलेल्या ढिगात, घातले. 17 सप्टेंबर 1948 नंतर उडवा फोडला तर एक पाटली कमी. सासूवर संशय, सासूचा तिच्यावर. शेवटपर्यंत मिटलं नाही ते.
त्याच लढ्यातल्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या हातात बंदूक घेणाऱ्या बाया वेगळ्या. त्यांचं नाव झालं, झालंच पाहिजे. आमची नुसती म्हशीपाशी बसली.

अनामिक
पाटली कुठं गेली मग??

परभणीकर_जुना
गोवरीसोबत चुलीत गेली असणार असं वडील म्हणायचे. सोनं राखेत मिळालं असतं की. मला तर धाकटे आजोबाच वाटतात.

लातूर_नळ
आम्ही शहरातले त्यामुळं दुष्काळ म्हणजे टँकर. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा बायको म्हणाली चला बघायला. म्हणलं येडी का, गर्दीत कुठं. ती मुलीला घेऊन गेली आणि फोटो काढून आली. त्या उन्हाळ्यात भांड्याचं पाणी झाडाला, अंघोळीचं पाणी संडासला, हे सगळं तिनं बसवलं. माझं काम फक्त रात्री नंबर लावून घागरी राखणं. तेही डुलक्या घेत. एकदा घागर चोरीला गेली, त्यावरून अजून ऐकतोय.
सासूबाई पॅरलाइज होत्या त्या वर्षी. कपडे धुवायला किती पाणी लागतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. जास्त लिहित नाही, ती वाचते इथं.

लातूर_नळ_ची_सौ
वाचलं. घागर पितळेची होती. माहेरची.

कण्या_ताक
😂😂 आता खरं नाही तुमचं

तेरणाकाठ
विषय निघालाच आहे तर, या येळवशीला (वेळ अमावास्या, शेतातल्या पूजेचा सण) कोण कोण शेतात जाणार? पुरानं आमचा हरभरा उशिरा पेरलाय, त्या दिवशीच्या भज्जीच्या भाजीला पाला कुठून आणायचा हाच प्रश्न.

पाचट
लातूर-धाराशिवची येळवस आम्हाला माहीत नाही, नुसती ऐकलीय. त्या दिवशीची आंबील कशी करतात लिहा ना.

तेरणाकाठ
ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, शिजवून गार करायचं, वरून लसूण-जिरं वाटून. बिंदगीत, म्हणजे घागरीत, भरून शेतात. आत्या वरून आणखी ताक ओतते, ते पुस्तकी नाही. नक्की माप तिलाच विचारून सांगतो, आता वावरात गेलीय.