अनुभव धागा : ट्रॅव्हल ट्रेलरमधील गळती आणि बांधणीतील दोष

रानवाट
आज अडगळीचा खण आवरताना सांधे पाणीबंद करणाऱ्या ब्यूटाइल टेपचे अर्धे वापरलेले भेंडोळे हाती लागले आणि त्या करड्या चिकट पट्टीच्या स्पर्शासरशी आठ वर्षांपूर्वीची एक पहाट डोळ्यांसमोर उभी राहिली. नवा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे फिरते घर, घेतल्यानंतरचा आमचा तो तिसराच प्रवास होता. आदल्या दिवशी भर पावसात बराच वेळ गाडी चालवून आम्ही मुक्कामी पोहोचलो होतो, आणि पहाटे मुलीने मला हलवून सांगितले, "बाबा, माझी उशी ओली झाली आहे." वर पाहिले तर छत कोरडे ठणठणीत होते, खिडकी घट्ट बंद होती आणि भिंतीवर ओघळाची एकही खूण नव्हती.

ते पाणी कुठून आले हे कळायला पाच महिने लागले. दोष निघाला तो पुढच्या भिंतीच्या वरच्या कडेवरील एका छोट्या मार्कर दिव्यात, म्हणजे अंधारात ट्रेलरची कड दाखवणाऱ्या दिव्यात. त्याच्यामागची फोमची गॅस्केट (फट बंद करणारी मऊ चकती) कारखान्यातच तिरकी बसली होती, आणि तिच्यावरून ओढलेली सीलंटची (फट बुजवणाऱ्या लेपाची) रेघ दिव्याच्या नेमक्या वरच्या बाजूला बोटभर तुटलेली होती. ट्रेलर वेगात धावत असताना समोरून येणारे पावसाचे पाणी वाऱ्याच्या दाबाने त्या फटीतून आत रेटले जाई, वायरच्या भोकातून भिंतीच्या पोकळीत उतरे आणि चौकटीच्या आडव्या पट्टीवरून सरकत दीड मीटर लांब, बिछान्याच्या कोपऱ्यात बाहेर पडे. मी मात्र डाग जिथे दिसला त्याच्या बरोबर वरचे छत दोनदा नव्याने सील केले, आणि खरे भोक तसेच उघडे राहिले. अखेर भिंत उघडली तेव्हा आतले लाकूड बोटाने दाबले तरी खचत होते.

डीलरने वॉरंटीचा दावा नाकारला. सीलंटची तपासणी दर 90 दिवसांनी मालकाने करावयाची आहे असे पुस्तिकेत छापलेले होते, आणि मी ती केल्याची नोंद ठेवलेली नव्हती. ट्रेलर पुढे विकला, पण ती ओली उशी मनातून जात नाही. आपल्यापैकी ज्यांच्या ट्रेलरमध्ये असे काही घडले असेल, त्यांनी पाणी कुठून आले आणि ते कसे सापडले, हे कृपया सविस्तर लिहावे.

अबोली
हे वाचता वाचता उठून ट्रेलरमध्ये जाऊन आले. आमच्याकडे टेबलाजवळच्या खिडकीखाली तळहाताएवढा पिवळसर डाग गेल्या आठवड्यात दिसला होता, आणि मी तो काही सांडल्याचा असेल असे समजून पुसून टाकला होता. आमचा ट्रेलर महिनाभर जागचा हललेला नाही, त्यामुळे वाऱ्याच्या दाबाचे कारण आम्हाला लागू पडत नसावे. मग शोधाला सुरुवात कुठून करावी?

जुना सुतार
अबोलीताई, तुमच्या खिडकीकडे येतोच, पण आधी रानवाट यांच्या कुजलेल्या चौकटीविषयी लिहितो, कारण गेल्या वर्षी मी आमच्या बारा वर्षांच्या ट्रेलरचा मागचा उजवा कोपरा स्वतः उघडला. आमचा ट्रेलर लाकडी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेल्या जुन्या पद्धतीचा आहे. कोपऱ्यावरच्या धातूच्या पट्टीत स्क्रूंची डोकी झाकणारी व्हायनिलची फीत असते. ती ऊन खाऊन आक्रसली होती आणि तिच्याखाली पाणी साचून बहुतेक स्क्रू गंजले होते. पट्टी काढली तेव्हा मागची पुटी खडूसारखी भुगा होऊन खाली पडली, आणि त्यामागचे उभे लाकूड भिजलेल्या भुशासारखे मुठीत आले. सर्वांत वाईट वाटले ते पुढचे पाहून. तीन स्क्रू लाकडात शिरलेलेच नव्हते. ते चौकटीच्या बाजूने थेट पोकळीत गेले होते, म्हणजे ही तीन भोके ट्रेलर कारखान्यातून निघाला त्या दिवसापासून पाण्याला मोकळीच होती.

कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापला, शेजारी नवे लाकूड जोडले, पत्र्यावरची जुनी पुटी खरवडून नवी ब्यूटाइल टेप लावली आणि पट्टी थोड्या लांब, न गंजणाऱ्या स्टेनलेस स्क्रूंनी आवळली. टेप दोन्ही कडांनी सारखी बाहेर दबून आली की सांधा बसला असे समजावे, आणि ती एकाच बाजूने आली तर पट्टी पुन्हा काढावी. दोन दिवसांचे समजून हाती घेतलेले हे काम सहा आठवडे चालले. खिडकीचे राहिलेच, हात मोकळे झाले की लिहितो.

सांजवात
माझी एकच कळकळीची विनंती आहे की छतावर घरगुती सिलिकॉन लावू नये. आमच्या ट्रेलरच्या आधीच्या मालकाने प्रत्येक व्हेंटभोवती स्नानगृहात वापरतात ते सिलिकॉन भरले होते. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या छतावर ते नीट धरत नाही, कडेने सुटते, आणि त्याचा पातळ थर मागे राहिला तर त्यावर दुसरे कोणतेही सीलंट, अगदी नवे सिलिकॉनसुद्धा, धड चिकटत नाही. प्लॅस्टिकच्या खरवडणीने ते काढायला मला चार दिवस लागले. त्या काळात पेट्रोलियमयुक्त द्रावक वापरण्याचा मोह फार झाला, पण त्याने रबर फुगते आणि छतच खराब होते. आडव्या छतावर आपोआप पसरून समतल होणारे लॅप सीलंट घ्यावे आणि उभ्या कडांसाठी न ओघळणारे घ्यावे, आणि दोन्ही आपल्या छताच्या प्रकाराला चालतात याची खात्री आधी करावी.

भिंगरी
सांजवातताई, चार दिवस गुडघ्यांवर बसून ते काम करणे काय असते हे मी जाणते. आमची कथा छताची नसून जमिनीखालची आहे. बाळ आत्ताच उठले आहे, त्यामुळे रात्री लिहिते.

मोकळे आकाश
आमचा ट्रेलर फायबरग्लासच्या गुळगुळीत भिंतींचा होता आणि त्यात लाकूड दिसतच नसल्याने कुजण्याची चिंता नाही अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्या भिंतीत फायबरग्लासच्या पातळ पत्र्यामागे लुआन या हलक्या लाकडाचे पातळ प्लायवूड आणि त्यामागे फोम असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. प्लायमध्ये पाणी शिरले की थर सुटतात. एका संध्याकाळी तिरपे ऊन भिंतीवर पडलेले असताना मला पत्र्यावर एक लांबट फुगवटा दिसला, जो भर दुपारी अजिबात दिसत नव्हता. तळहाताने दाबला तर तो आत जाई आणि सोडताच वर येई. पाणी छत आणि भिंत यांच्या सांध्यातून, ऑनिंगच्या (बाहेर उघडणाऱ्या कापडी छपराच्या) रुळाच्या स्क्रूंमधून आले होते. सांधा दुरुस्त झाला, पण सुटलेले थर पूर्ववत झाले नाहीत, कारण त्यासाठी अख्खी भिंत बदलावी लागली असती. तेव्हापासून जुना ट्रेलर पाहायला कोणी मला सोबत नेले, तर मी कललेल्या उन्हाच्या वेळीच जातो आणि भिंतीला गाल टेकवून तिच्या लांबीभर पाहतो. आता असे प्लायवूड न वापरता संमिश्र फलक घातलेल्या भिंतीही मिळतात आणि ते फलक कुजत नाहीत, पण फट राहिली तर पाणी त्यांच्यामागेही जातेच.

दूरदेशी
अमेरिकेतील बहुतांश ट्रेलर इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परगण्यात आणि त्याच्या आसपास बांधले जातात. 2021 मध्ये उत्तर अमेरिकी कारखान्यांनी ट्रेलर आणि मोटरहोम मिळून 6,00,240 वाहने डीलरांकडे रवाना केली आणि तो उद्योगाचा विक्रम ठरला. आमचा ट्रेलर त्याच वर्षीचा आहे. ताब्यात घेण्याच्या दिवशी पत्नी आणि मी चार तास तपासणी केली आणि आमच्या यादीत 41 दोष जमा झाले. बेसिनखालचा निचऱ्याचा पाइप जोडाला चिकटवलेला नव्हता, शिडीच्या वरच्या पायांभोवती सीलंटच नव्हते आणि हवेच्या नळीत लाकडाचा भुसा तसाच पडला होता. दारावर आरव्हीआयए या उत्पादकांच्या संघटनेचा शिक्का होता आणि तो पाहून मी निर्धास्त झालो होतो. तो शिक्का एनएफपीए (अमेरिकेतील अग्निसुरक्षा संघटना) 1192 सारख्या मानकांशी, म्हणजे आग, गॅस, वीज आणि नळजोडणीच्या सुरक्षिततेशी संबंधित असतो. छत गळणार नाही याची हमी त्यात नसते, हे मला नंतर कळले. विक्रेत्याने "आधी सही करा, दुरुस्ती नंतर होईल" असा आग्रह धरला, पण पत्नी ठाम राहिली. सर्व दोष दूर होईपर्यंत आम्ही सही केली नाही आणि उरलेली रक्कमही दिली नाही. सही झाल्यावर याच यादीसाठी महिनोन्‌महिने रांगेत थांबलेले लोक त्याच अंगणात भेटले.

चाकोरीबाहेर
दूरदेशी, आपल्या पत्नीचे मनापासून अभिनंदन. एवढेच वाटते की दोष थेट कामगारांच्या माथी मारला जाऊ नये. त्या भागातील अनेक कारखान्यांत नगावर मजुरी असते, त्यामुळे सीलंटची रेघ पुन्हा तपासण्यासाठी थांबणाऱ्या माणसाला ते थांबणे स्वतःच्या खिशातून सोसावे लागते. आणखी एक गोष्ट सांगतो. गळतीसाठी सरकारी रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी वाहन परत बोलावण्याची सूचना, सहसा निघत नाही, पण आस, टायर, ब्रेक आणि गॅस यांतील सुरक्षेच्या दोषांसाठी निघतो. एनएचटीएसए या अमेरिकी रस्तेसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर 17 अक्षरी व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) टाकून तो विनामूल्य पाहता येतो. आमच्या ट्रेलरच्या गॅसजोडणीचा रिकॉल मला तिथेच सापडला, कारण पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेले होते.

पाणपोई
आमच्याकडे गळती नव्हतीच, तरीही गादी खालून भिजत होती. दोन हिवाळे मी छतावर सीलंट चढवत राहिले. शेवटी एका कोरड्या, कडाक्याच्या थंडीच्या रात्री, पाऊस नसताना, गादीखालची फळी ओली मिळाली तेव्हा उलगडा झाला. एक किलो प्रोपेन जळले की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ तयार होते, आणि आम्ही गारठा वाटला की शेगडी पेटवून ठेवत होतो. हे हवेच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे आणि कोणीही करू नये. त्यात चौघांचा श्वास आणि आत वाळत घातलेले कपडे होते. ही सारी वाफ सर्वांत थंड पृष्ठभागावर, म्हणजे गादीखालच्या उघड्या फळीवर आणि कपाटांच्या मागच्या भिंतीवर, पाणी होऊन बसत होती. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घातली, छतावरचा झरोका दोन बोटे उघडा ठेवू लागलो, आणि ओल थांबली. म्हणून भिंत उघडण्यापूर्वी पाऊस नसताना ओल येते का, हे प्रत्येकाने आधी पाहावे असे मला तळमळीने वाटते.

भिंगरी
बाळ झोपले, आता लिहिते. आमच्या ट्रेलरमध्ये रात्री कोणी नळ सोडलेला नसताना पाण्याचा पंप दोन सेकंद गुरगुरे आणि थांबे, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तसेच होई. झोपमोड होते एवढीच आमची तक्रार होती. बंद नळांवरही पंप सुरू होतो याचा अर्थ कुठेतरी दाब उतरतो आहे, हे आम्हाला उमगले नाही. ट्रेलरच्या पोटाला खालून पन्हळी प्लॅस्टिकचा पत्रा असतो. पेक्स या लवचीक प्लॅस्टिकच्या नळीच्या एका जोडावरची कडी अर्धवट दाबली गेली होती, आणि तिथून थेंब थेंब झिरपलेले पाणी त्या पत्र्यावर साचत गेले. उन्हाळ्याच्या शेवटी पोट खाली लोंबू लागले तेव्हा नवऱ्याने पत्र्याला छोटे भोक पाडले, आणि दोन बादल्या भरूनही धार थांबेना. इन्सुलेशनचा लगदा झाला होता आणि जमिनीची फळी कडेने फुगली होती. बाहेरच्या नळाला जोडताना दाबनियामक लावत नसल्याने त्या कमकुवत जोडावर ताण वाढला असणार. आता आम्ही पाण्याचा दाब 50 पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे एकक) आत ठेवतो.

रानवाट
भिंगरी, पंपाच्या गुरगुरण्याची खूण फार मोलाची आहे. माझा दिवा कसा सापडला हे सांगायचे राहिले होते. एका स्वतंत्र तंत्रज्ञाने छताच्या झरोक्यात मोठा पंखा बसवून ट्रेलरमध्ये हवेचा हलका दाब निर्माण केला आणि बाहेरून सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी फवारले. आतली हवा जिथून बाहेर येत होती तिथे बुडबुडे उमटले. मी पाच महिने शोधत होतो ती जागा वीस मिनिटांत दिसली, आणि शिवाय मला माहीत नसलेल्या आणखी चार जागा दिसल्या.

जुना सुतार
अबोलीताई, आता तुमची खिडकी. चौकटीच्या खालच्या बाजूला बाहेरून दोन बारीक खाचा असतात का ते पाहा. खिडकीच्या पन्हाळीत उतरलेले पाणी तिथून बाहेर निचरते. त्या मातीने बुजल्या, किंवा कोणी गळतीची फट समजून त्यांवर सीलंट लावले, तर पन्हाळ भरते आणि पाणी आतल्या कडेवरून भिंतीत उतरते. उभ्या ट्रेलरलाही हे होते. खाचा मोकळ्या असतील, तर मग चौकटीमागची टेप पाहावी लागेल.

अबोली
काका, आपण सांगितले तसेच निघाले. एक खाच मातीने बुजली होती आणि दुसरीवर पांढऱ्या सीलंटची जाड रेघ होती. ती कोरून काढताच साचलेले पाणी बाहेर वाहिले. शेजाऱ्यांकडून ओलावामापक आणून पाहिले, तर खिडकीखाली 26 टक्के आणि समोरच्या भिंतीवर 9 टक्के आकडा आला. तेव्हा टेबलामागचा पातळ प्लाय उद्या उघडायचे ठरवले आहे. आत वायर कुठून गेली आहे हे कापण्याआधी कसे ओळखावे?

जुना सुतार
आधी बाहेरची वीज आणि बॅटरी दोन्ही तोडा. करवत अजिबात लावू नका, धारदार कटरने तीनचार हलक्या रेघा ओढत फक्त प्लायच्या जाडीइतके कापा, आणि पहिला तुकडा प्लगच्या खोक्यापासून दूर, डागाच्या खालच्या टोकाला घ्या. इन्सुलेशन ओले असेल तर ते सगळे बाहेर काढा आणि लाकूड पुन्हा कोरडे होईपर्यंत, पंखा लावूनही दोनतीन आठवडे लागले तरी, भिंत बंद करू नका.