राउटरला जोडलेल्या डिस्कवरचे व्हिडिओ टीव्हीवर अडखळतात: जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरावा का?

मुठाकाठ:
घरातील समारंभांचे चित्रीकरण, छायाचित्रे आणि आजोबांच्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणे असा आमचा सगळा संग्रह एका बाह्य हार्ड डिस्कवर आहे. तो दिवाणखान्यातील अँड्रॉइड टीव्हीवर, आईबाबांच्या फोनवर आणि माझ्या विंडोज ११ लॅपटॉपवर पाहता यावा म्हणून मी डिस्क राउटरच्या यूएसबी पोर्टला जोडली. टीव्हीवर फायलींची यादी दिसते, मात्र आयफोनवर ४के दर्जात टिपलेले व्हिडिओ अडखळत चालतात. लॅपटॉप तर या डिस्कला एसएमबी१ (नेटवर्कवर फायली सामायिक करण्याचा जुना प्रोटोकॉल) लागते आणि ते असुरक्षित आहे, असे सांगून जोडणीच नाकारतो. सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा एक जुना लॅपटॉप घरी पडून आहे. तो वापरावा, की सरळ नॅस (नेटवर्कला जोडायचे साठवण यंत्र) विकत घ्यावे? परदेशी राहणाऱ्या बहिणीलाही हा संग्रह पाहता आला तर उत्तमच.

तांब्याची_तार:
विंडोजमध्ये एसएमबी१ पुन्हा सुरू करण्याचे उपाय आपल्याला ठिकठिकाणी वाचायला मिळतील. कृपया तसे करू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या मालवेअरने याच जुन्या प्रोटोकॉलमधील त्रुटीचा फायदा घेतला होता. राउटरच्या नव्या फर्मवेअरमध्ये एसएमबी२ या नंतरच्या आवृत्तीची सोय आली आहे का ते पाहावे. नसेल तर त्या पोर्टचा नाद सोडावा.

नॅसची घाई नको, आपला जुना लॅपटॉप पुरेसा आहे. डिस्क त्याला लावा, त्याला राउटरशी केबलने जोडा, राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता कायम करून ठेवा आणि झाकण मिटल्यावर तो झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा. फोल्डर सामायिक करताना लॅपटॉपवर एक वेगळे स्थानिक खाते तयार करून त्याला फक्त वाचण्याची परवानगी द्यावी, म्हणजे कोणाच्या हातून चुकून काही पुसले जाणार नाही. दुसऱ्या उपकरणावरून जोडताना त्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो, लॅपटॉप उघडण्याचा पिन तेथे चालत नाही; बहुतेकांचे घोडे नेमके येथेच अडते. आयफोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये सर्व्हरशी जोडण्याची सोय २०१९ पासून आहे.

रात्रपाळी:
वरील उत्तराने फायलींचा प्रश्न सुटेल, अडखळण्याचा सुटेलच असे नाही. आयफोनवरील ४के व्हिडिओ सेकंदाला ३० चौकटींनी टिपला तर मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा घेतो, म्हणजेच साधारण २३ एमबीपीएस (सेकंदाला २३ मेगाबिट). ६० चौकटींना हा आकडा ५३ एमबीपीएसच्या आसपास जातो. टीव्ही २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर असेल आणि मध्ये दोन भिंती असतील, तर एवढा वेग सातत्याने मिळणे अवघडच आहे. शिवाय हे व्हिडिओ बहुधा एचईव्हीसी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात असतात आणि नव्या आयफोनवर एचडीआर चालू असेल तर १०-बिटचे, जे सगळ्या टीव्हींना पेलत नाहीत.

म्हणून आधी दोष कोठे आहे ते ठरवा. अडखळणारी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तो थेट टीव्हीला लावा. तेथेही ती अडखळली तर बहुधा टीव्हीचा डिकोडर (व्हिडिओ उलगडणारा भाग) कमी पडतो आहे. सुरळीत चालली तर अडचण राउटरच्या पोर्टमध्ये किंवा वायफायमध्ये आहे.

दोष डिकोडरचा निघाला तर लॅपटॉपवर जेलीफिन हे मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअर बसवावे, कारण ते टीव्हीला न पेलणारा व्हिडिओ पाहता पाहताच पेलणाऱ्या स्वरूपात बदलून देते. आपला प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे हे फार बरे झाले: क्विक सिंक या इंटेल प्रोसेसरमधील व्हिडिओसाठीच्या खास भागात १०-बिट एचईव्हीसी उलगडण्याची क्षमता त्याच पिढीपासून आली. सेटिंगमध्ये हार्डवेअर प्रवेग (हे काम क्विक सिंककडे सोपवणारा पर्याय) चालू करायला मात्र विसरू नका. २०१८ च्या अखेरीस एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला स्रोत कोड बंद केल्यावर त्यातून फुटून निघालेला जेलीफिन हा मुक्त प्रकल्प आहे. प्लेक्स या आणखी एका सर्व्हरमध्ये हार्डवेअर प्रवेगासाठी पैसे मोजावे लागतात.

साधी_वाट:
मला हा सर्व खटाटोप अनाठायी वाटतो. पेनड्राइव्हवरून व्हिडिओ नीट चालला, तर टीव्हीवर व्हीएलसी घालून लॅपटॉपवरचे सामायिक फोल्डर थेट उघडावे, काम झाले. घरच्या चित्रफितींना जेलीफिन दाखवते तसे पोस्टर आणि कथासार कशाला हवेत?

रात्रपाळी:
टीव्हीपुरते आपले म्हणणे मान्य आहे. परंतु अर्धवट पाहिलेला व्हिडिओ फोनवर तेथूनच पुढे सुरू करणे किंवा आईबाबांना फोल्डरांच्या जंजाळात न शिरता संग्रह उघडता येणे या गोष्टी व्हीएलसीत जमत नाहीत. जेलीफिनमध्ये संग्रहाचा प्रकार ‘घरगुती व्हिडिओ आणि छायाचित्रे’ असा निवडला, की ते नावावरून चित्रपट ओळखण्याच्या भानगडीत पडत नाही.

तांब्याची_तार:
बहिणीचा मुद्दा राहिलाच. आपल्याकडील अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरून काही पोहोचत नाही. आणि पत्ता मिळत असला तरी एसएमबीचे ४४५ हे पोर्ट इंटरनेटला कदापि उघडू नये. त्यापेक्षा लॅपटॉपवर आणि बहिणीच्या फोनवर टेलस्केल (दूरची उपकरणे एकमेकांना सुरक्षितपणे जोडणारे सॉफ्टवेअर) बसवा. ते वायरगार्ड या व्हीपीएन प्रोटोकॉलवर आधारित आहे आणि राउटरला हात न लावता चालते. जेलीफिनमध्ये तिच्या खात्याला ४ एमबीपीएसच्या आसपास मर्यादा घाला, नाहीतर तिकडे तिचा व्हिडिओ अडेल आणि इकडे तुमचे अपलोड तुंबेल. आणि संग्रह एकाच डिस्कवर आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा सर्व्हर उभारण्यापूर्वी दुसरी डिस्क आणून त्याची प्रत करून घ्या. जुन्या डिस्कला यापुढे दिवसरात्र चालायचे आहे.