झाड अवाढव्य, मुळं उथळ

एकांनी विचारलंय की अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सिकोया नावाच्या एवढ्या अजस्र झाडांना पर्यटकांच्या पायांनी काय होणार? झाडाला नाही हो, त्याच्या खालच्या मातीला होतं. मोठ्या सिकोयाला खोल सोटमूळ नसतं. मुळं जेमतेम दीड-दोन मीटर खोल, पण आडवी तीस-तीस मीटर पसरलेली. म्हणजे फोटोसाठी आपण उभे राहतो ते मुळांच्या डोक्यावरच! रोज हजारो पाय पडले की मातीतल्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं, मुळांना हवा मिळेनाशी होते. आणि तहान केवढी! मोठं झाड भर उन्हाळ्यात दिवसाला साधारण दोन हजार लिटर पाणी ओढतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या, रोज.

पण सगळं खापर पर्यटकांवर फोडू नका. सिकोयांचे अभ्यासक रिचर्ड हार्टेसवेल्ट यांनी १९६२ मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या मॅरिपोसा ग्रोव्ह या सिकोयांच्या राईतल्या मानवी परिणामांवर प्रबंध लिहिला. पुढे त्यांना पायांपेक्षा जास्त काळजी वाटली ती वणवे दडपण्याची, कारण आग लागल्याशिवाय नवी रोपं नीट रुजत नाहीत.

तरी या ग्रोव्हमधले रस्ते उखडले ते बरंच झालं. २०१५ ते २०१८ ग्रोव्ह बंद ठेवून डांबर, पार्किंग, पर्यटकांना फिरवणारी ट्राम सगळं तिथून हटवलं. मी गेलो तेव्हा ओलसर भागात लाकडी पायवाट होती आणि तिच्या खालून पाणी झुळझुळत झाडांकडे जात होतं.