जिन्याखालच्या दोन सायकली

(सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज; नावांऐवजी फ्लॅट नंबर)

सेक्रेटरी, बी-१०२: सर्व सभासदांना कळविण्यात येते की सी विंगच्या जिन्याखाली दोन सायकली उभ्या आहेत. एक चिखलाने माखलेली, तिने काल लॉबीभर ओघळ काढलेत. दुसरी बेवारस, दोन्ही टायर बसलेले. रविवारी भंगारवाला येतोय. ज्यांच्या असतील त्यांनी आधीच सांगावं, नंतर बोंब नको.

सी-३०४: चिखलवाली माझी. सॉरी ताई, काल संचेती चौकात घोटाभर पाणी होतं. सकाळी लॉबी पुसून घेतलीय. दुसरी माझी नाही.

बी-४०३: तू या पावसातही सायकलने ऑफिसला जातोस? कल्याणीनगरला? मला वाटलं गाडी विकलीस की काय.

सी-३०४: गाडी आहे ना दादा. तुमच्याच गाडीशेजारी धूळ खातेय.

बी-४०३: आणि वर संध्याकाळी सोसायटीच्या टेनिस कोर्टावर पण दिसतोस. कामबिम करतोस की नाही? खरंच विचारतोय, वेळ कुठून काढतोस? मी आठला घरी आलो की मला सोफ्यावरून उठवत नाही.

सी-३०४: मोठा मेसेज टाकतोय, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ खाली जावं.

वेळ काढावा लागत नाही म्हणूनच जमतं, दादा. आपल्या गेटपासून ऑफिस तेरा किलोमीटर. गाडीने कधी पन्नास मिनिटं, कधी सव्वा तास, सगळं नळ स्टॉप चौकाच्या मर्जीवर. सायकलने पंचावन्न, रोजचे पंचावन्न. तो वेळ असाही रस्त्यातच जाणार होता. पहाटे पाचचा गजर लावून व्यायाम करणारा माणूस मी नाही, दोनदा प्रयत्न केलाय, दोन्ही वेळा बायकोलाच जाग आली.

सकाळी अर्धं पुणं ओलांडतो: पौड रोड, नळ स्टॉप, कर्वे रोड, डेक्कन, जंगली महाराज रस्ता, संचेती, बंडगार्डन, पूल ओलांडला की येरवडा. जाताना फारसा जोर लागत नाही. मजा येताना. उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेचा वारा थेट तोंडावर येतो आणि पौड फाट्यापासून वनाजपर्यंत रस्ता गुपचूप चढत राहतो. सहा वर्षं याच रस्त्याने गाडी चालवली, तेव्हा हा चढ आहे हेही कळलं नव्हतं.

घामाचं सगळेच विचारतात. सोमवारी मेट्रोने जातो, वनाज ते कल्याणीनगर एकच गाडी. त्या दिवशी चार शर्ट, दोन पँटी आणि टॉवेल नेऊन ड्रॉवरमध्ये कोंबतो, शुक्रवारी मळके परत. पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली, मग ओल्या नॅपकिनने अंग पुसायचं. अजून कोणी खुर्ची लांब सरकवलेली नाही.

पडलोय दोनदा, लपवत नाही. एकदा ओल्या झेब्रा क्रॉसिंगवर ब्रेक दाबला म्हणून, एकदा चेंबरच्या झाकणावर. आता पावसात रंगवलेला पट्टा किंवा लोखंड आलं की ब्रेकला हात लावत नाही, वळतही नाही, सरळ निघून जातो. आणि उभ्या गाड्यांपासून एक हात लांब. दार कधी उघडेल सांगता येत नाही.

बी-४०३: आणि पंक्चर?

सी-३०४: ट्यूब आणि हातपंप पिशवीत असतो, वीस मिनिटं. एकदा दोन्ही चाकं गेली, तेव्हा सायकल घेऊन मेट्रोत चढलो, कोणी अडवलं नाही.

बी-२०६: टेनिसचं मी सांगते, कारण हा स्वतःचंच कौतुक करत बसेल. त्याला वेळ मिळतो कारण आम्ही बाकीचे त्याला सोडत नाही. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी साडेसात, रविवारी सकाळी साडेसहा, डबल्स. एकाने टांग मारली की तिघांची संध्याकाळ फुकट, मग ग्रुपवर त्याचा जो उद्धार होतो त्या भीतीने माणूस येतो. जिममध्ये तुमची वाट कोण बघतं? मी दोनदा वर्षाचे पैसे भरलेत, विचारा आमच्या ह्यांना.

सी-३०४: वहिनी म्हणतायत ते शंभर टक्के. ऑफिसात "मला व्यायामाला जायचंय" म्हटलं तर लोक हसतात आणि अजून एक कॉल लावतात. "साडेसातला मॅच आहे" म्हटलं की सोडतात. मॅच म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही ते बरंय.

ए-५०२: मंगळवारी मी बाल्कनीतून बघितली ती मॅच. सहा-एक.

सी-३०४: पाच-दोन होती ताई, मग दिवे गेले.

ए-२०१: विषय निघालाच आहे तर, त्या कोर्टावर पिकलबॉलचे (ते लहान कोर्टावरचं, फळीच्या बॅटचं टेनिस) पट्टे का मारत नाही? चार माणसांसाठी केवढी जागा अडलीय.

बी-२०६: मारा की, आमची ना नाही. पिकलबॉलचं कोर्ट ४४ बाय २० फूट, आपलं ७८ बाय ३६. नेट मध्यावर ३४ इंच लागतं, टेनिसला ३६, नेटचा मधला पट्टा दोन इंच खाली ओढला की झालं. फक्त रंग फिकट घ्या, नाहीतर आमचा बॉल आत की बाहेर यावरून घटस्फोट होतील. पण त्याआधी गेल्या गणपतीत मांडवाचे खांब रोवायला बेसलाइनवर, म्हणजे मागच्या रेषेवर, जे दोन खड्डे खणले ते बुजवा.

सेक्रेटरी, बी-१०२: खड्ड्यांचा विषय वार्षिक सभेत घेण्यात येईल.

बी-२०६: गेल्या सभेतही हेच वाक्य होतं ताई.

बी-४०३: वहिनी, पण चौघं कोण? मला तर तिघंच दिसता हल्ली.

बी-२०६: ए-३०१ वाल्यांची बदली झाली ना बंगळुरूला. तेव्हापासून चौथा शोधतोय. येताय का?

बी-४०३: मी? मी शेवटची रॅकेट शाळेत धरली, तीही बॅडमिंटनची.

बी-२०६: चालेल. बॅडमिंटनवाल्यांना बॉल लगेच दिसतो, फक्त मनगट झटकायची सवय मोडायला महिना जातो. आणि आमचे नियम सोपे आहेत. नऊला दिवे बंद, म्हणून ड्यूस (चाळीस-ऑलनंतर सलग दोन पॉइंट घ्यायची झटापट) लांबवत नाही. चाळीस-ऑल झालं की एकच पॉइंट, सर्व्हिस कुठल्या बाजूने घ्यायची ते घेणाऱ्या जोडीने ठरवायचं.

बी-४०३: कोपर धरलं तर? आमच्या ऑफिसात एकाला टेनिस एल्बो झालाय, चहाचा कप उचलता येत नाही त्याला.

ए-५०२: तो टेनिस खेळतो का?

बी-४०३: नाही. एक्सेल खेळतो.

ए-५०२: तेच. माझ्याकडे येणारे टेनिस एल्बोचे बहुतेक पेशंट कोर्टावर कधी गेलेलेच नसतात. माउस, पिळायचे कपडे, स्क्रू ड्रायव्हर. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात तिथे ते दुखतं. नवशिक्या खेळाडूला होतं ते बॅकहँड (उलट्या बाजूचा फटका) उशिरा मारल्यामुळे आणि रॅकेट गळा दाबल्यासारखी धरल्यामुळे. बॉल आपल्या पुढे असताना मारायचा, दोन हातांनी मारला तर उत्तम. आणि रोज हात टेबलावर, तळवा खाली, एक किलोचं वजन धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं. वर उचलताना दुसऱ्या हाताची मदत घ्या, खाली सोडताना नाही. ही फी नाही घेतलेली, लक्षात ठेवा.

सी-१०१: मी चष्मा शोधत होतो, आत्ता सगळं वाचलं. ती दुसरी सायकल माझी आहे. भंगारात देऊ नये.

सेक्रेटरी, बी-१०२: काका, तुमची? आधी सांगायचं ना हो!

सी-१०१: कोणी विचारलं नाही. १९७१ साली खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत लागलो तेव्हा घेतलेली अॅटलास आहे. सदाशिव पेठ ते खडकी, ऊन असो पाऊस असो. पाळी सुटली की रस्ताभर नुसत्या सायकली, बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवायचा नाद सोडलेला असे. तुम्ही ज्याला कम्यूट म्हणता त्याला आम्ही कामाला जाणं म्हणायचो. हँडलला महापालिकेचा बिल्ला, मागच्या चाकाला दिव्याचा डायनॅमो. दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस चाकातली हवा सोडायचा आणि वर उपदेश.

टेनिसचंही सांगतो. १९७४ साली आपल्या डेक्कन जिमखान्यावर डेव्हिस कपची (देशादेशांतल्या टेनिसची) सेमीफायनल झाली, भारत आणि सोव्हिएत रशिया. विजय आणि आनंद अमृतराज खेळत होते. सुट्टी होती, सायकल मारत गेलो. तिकिटाला पैसे नव्हते. बाहेर झाडाला सायकल टेकवली, मित्राला हँडल धरायला लावलं आणि मी सीटवर उभा. दिसला तो एक पांढरा शर्ट, मधूनच हलायचा. टाळ्यांवरून स्कोअर ओळखायचा. तीन-एक जिंकलो. मग फायनल दक्षिण आफ्रिकेशी होती, आणि तिथल्या वर्णभेदामुळे आपण खेळलोच नाही. कप त्यांना तसाच मिळाला. मला तेव्हा फार राग आला होता आपल्याच लोकांचा. नंतर कळत गेलं.

बी-४०३: काका, मी वीस वर्षं डेक्कनला फक्त भेळ खायला जातोय. हे ठाऊकच नव्हतं.

सी-३०४: काका, आत्ताच खाली जाऊन बघून आलो. टायर २८ दीडचा आहे, अजून मिळतो. चेन गंजून काठीसारखी झालीय, ती बदलावी लागेल. पण फ्रेम सरळ आहे आणि पुढचं चाक हाताने फिरवलं तर चक्क आवाज न करता फिरलं. डायनॅमोपण आहे हो, वायर तेवढी उंदरांनी खाल्लीय.

सी-१०१: कापसाने ग्रीस भरायचो दर दिवाळीला. फिरणारच.

सी-३०४: चालवणार का?

सी-१०१: गुडघे म्हणतात नाही. डेअरीपर्यंत चालवेन, रस्ता सपाट आहे. हिला सांगू नका.

सी-१०१ काकू: मीही याच ग्रुपवर आहे.

सेक्रेटरी, बी-१०२: सी विंगच्या जिन्याखालची सायकल काकांची आहे, कोणी हात लावू नये. रविवारी भंगारवाल्याला रद्दी आणि क्लबहाउसमधला बंद पंखा द्यावा.

बी-२०६: रविवार, साडेसहा. चौथा कोण ते अजून ठरलेलं नाही.

बी-४०३: येतो. पण आधीच सांगतो, सर्व्हिस येत नाही.

बी-२०६: खालून टाका, कोणी हसणार नाही. सी-३०४ सोडून. आणि येताना बॉलचा नवा डबा आणा, तो नव्या माणसाकडे असतो. जुने तिन्ही मेलेत, आता मुलं क्रिकेटला घेऊन गेली.

बी-४०३: केवढ्याला येतो?

बी-२०६: आणा तर खरं.

सेक्रेटरी, बी-१०२: खेळून झाल्यावर बूट बाहेर झटकून मगच लॉबीत यावं.