मदत हवी आहे: जाड, तिरका, जुन्या स्टाइलचा मराठी फॉन्ट (अर्जंट)

नंदुरबारी_भाऊ: मंडळी जरा लवकर सांगा. गुजरातेत फरसाणच्या दुकानांवर असतो ना तसला फुगीर तिरका फॉन्ट, श्रीखंड नावाचा, गूगल फॉन्ट्सवरून घेतला, पण मराठी टाइप केलं की साधीच अक्षरं येताहेत. काढून परत टाकला, तेच. फ्लेक्सवाला संध्याकाळी फाइल मागतोय.

वेलांटी: श्रीखंडमध्ये फक्त गुजराती आणि इंग्रजी आहे, देवनागरी नाहीच, मग कॉम्प्युटर दुसराच फॉन्ट दाखवणार. बोर्ड कशाचा, मजकूर काय, सॉफ्टवेअर कुठलं ते सांगा ना आधी.

धुळेकर_पेंटर: फ्लेक्स कशाला करता भाऊ, श्रीखंडचं वळण मुळात गुजरातेतल्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरूनच घेतलंय. पत्र्यावर रंगवून घ्या, अक्षराला जीव येतो.

नंदुरबारी_भाऊ: वेळ नाही दादा. भरीत-भाकरीची गाडी आहे. वर ‘खान्देशी भरीत’, खाली मेनू आणि मोबाइल नंबर. सॉफ्टवेअर कोरल आहे.

यावलचा_शेतकरी: वांगी कुठली वापरता? जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, ते बोर्डावर टाकाच.

वेलांटी: मग मोदक फॉन्ट घ्या, फॉन्ट बनवणाऱ्या ‘एक टाइप’चा आहे, फुकट. इतका गुबगुबीत की भ च्या पोटातली जागा म्हणजे नुसती फट. दोन-तीन शब्द मोठ्ठे लिहायला याच्यासारखा नाही.

ठळक_अक्षर: आणि नंबर पण मोदकमध्ये टाकला तर रस्त्यावरून कोणाला वाचता येणार?? बलू २ घ्या, त्यात पाच वजनं (बारीक-जाड प्रकार) आहेत, सगळा बोर्ड एकातच होतो.

वेलांटी: नंबर मोदकमध्ये टाका असं मी म्हटलंच नाही. नाव मोदकमध्ये, मेनू आणि नंबर बलूमध्ये. फक्त मोदकला जाड आउटलाइन देऊ नका, त्या फटी बुजतात आणि भ, म, ख सगळे सारखेच गोळे दिसतात. तिरका हवा असेल तर स्क्यू करा, दहा-बारा डिग्री, शिरोरेघ आडवीच राहते त्यामुळे वाईट दिसत नाही.

जुना_टाइप: इंग्रजीत कूपर ब्लॅक बघा, १९२२ चा आहे, अजून टवटवीत वाटतो.

नंदुरबारी_भाऊ: इंग्रजी नकोय हो. मोदक टाकला, मस्त दिसतोय, पण कोरलमध्ये ‘खान्देशी’चा न् सुटा पडतोय, पाय मोडलेला.

ठळक_अक्षर: व्हर्जन जुनं असणार, हे पहिल्यांदाच सांगायचं ना! इंकस्केप सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात टाइप करा, ऑब्जेक्ट टू पाथ करा (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात), पीडीएफ काढून कोरलमध्ये इम्पोर्ट करा. पाथ केल्यावर स्पेलिंग बदलता येत नाही, म्हणून आधी दोघांकडून वाचून घ्या.

नंदुरबारी_भाऊ: जमलं! नाव मोदकमध्ये, बाकी बलू एक्स्ट्राबोल्ड. पिवळ्यावर लाल करतोय. फाइल पाठवली.

यावलचा_शेतकरी: वांग्यांचं सांगितलं नाही अजून.