मदत हवी आहे: जँगोची मॉडेल्स जुन्या टेबलांवर बसवताना संयुक्त प्रायमरी कीची अडचण

नमस्कार. एका दूध संस्थेच्या जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसवर मी जँगोमध्ये (पायथनचे वेब फ्रेमवर्क) वेब अहवाल आणि दुरुस्तीचे स्क्रीन तयार करत आहे. संकलन केंद्रावरील जुना प्रोग्रॅम त्याच टेबलांत रोज नोंदी करत असल्यामुळे टेबलांच्या रचनेत बदल करण्याची मुभा नाही.

जँगो 4.2 वर इन्स्पेक्टडीबी (असलेल्या टेबलांवरून मॉडेल्सचा कोड लिहून देणारी आज्ञा) चालवून मॉडेल्स, म्हणजे टेबलांचे कोडमधील वर्ग, मिळवली, त्यांत मॅनेज्ड फॉल्स ठेवले (म्हणजे जँगो ती टेबले स्वतः तयार करत वा बदलत नाही) आणि आखूड कॉलमनावांना डीबी_कॉलम देऊन वाचनीय नावे दिली. सभासद आणि दरपत्रक ही टेबले विनातक्रार चालतात. घोडे अडते ते संकलनाच्या टेबलावर. त्याची प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारी खूण) संयुक्त, म्हणजे सभासद क्रमांक, तारीख आणि सकाळ-संध्याकाळची पाळी अशी तीन कॉलमांची असून इन्स्पेक्टडीबीने फक्त पहिला कॉलम की म्हणून धरला. परिणामी एका पाळीचे फॅट दुरुस्त करून सेव्ह केले, की अपडेटची अट केवळ सभासद क्रमांकावर लागते, त्या सभासदाच्या सगळ्या ओळींना हात लागतो आणि डुप्लिकेट कीची एरर येते. एरर आली हे एका अर्थी बरेच झाले, नाहीतर त्या सगळ्या ओळी गुपचूप बदलल्या असत्या.

जँगो 5.2 मध्ये अनेक कॉलमांच्या कीसाठी कॉम्पोझिटप्रायमरीकी आली आहे, परंतु अशा मॉडेलकडे फॉरेनकी (दुसऱ्या टेबलातून जोडणारा दुवा) नेता येत नाही आणि ते जँगोच्या तयार व्यवस्थापन स्क्रीनमध्ये म्हणजे अ‍ॅडमिनमध्येही नोंदवता येत नाही. मला कपातीच्या टेबलासाठी पहिले आणि कारकुनांसाठी दुसरे हवे आहे.

अशा वेळी फॉरेनऑब्जेक्ट (अनेक कॉलमांवर संबंध जोडणारा जँगोचा अंतर्गत वर्ग) वापरणे टिकाऊ ठरते का, की वाचनासाठी व्ह्यू (डेटाबेसमध्ये साठवलेली क्वेरी) आणि लेखनासाठी फिल्टरसह अपडेट हाच मार्ग बरा? तसेच मॅनेज्ड फॉल्स असलेली टेबले टेस्ट डेटाबेसमध्ये तयार होत नाहीत, त्याची सोय आपण कशी करता?